शून्य गळालेल्या तारखा कशा वाचायच्या

महिना आणि दिवस यांच्या आधीची शून्यं न लिहिता लिहिलेली २०२४१११ ही तारीख कोणती? ११ जानेवारी २०२४ म्हणता येईल, १ नोव्हेंबर २०२४ही म्हणता येईल. शिवाय आयएसओ ८६०१ या मानकात चार अंकी वर्ष आणि त्यापुढे वर्षातला कितवा दिवस, असं सात अंकी लेखन मान्य आहे. त्या हिशेबाने हा २०२४चा १११वा दिवस, म्हणजे २० एप्रिल. तिन्ही अर्थ नियमात बसतात. प्रोग्रॅम मात्र त्यातला एक उचलतो आणि कुठलीही एरर न देता पुढे जातो. खरा धोका इथे आहे. जी तारीख वाचताच येत नाही ती लगेच लक्षात येते, पण चुकीची वाचलेली तारीख हिशेबात, रिपोर्टमध्ये आणि बॅकअपमध्ये मुरून बसते.

खाली आधी संदिग्धता कधी येते आणि कधी येत नाही ते पाहू, मग अशा डेटातून तारखा सोडवण्याची पद्धत.

संदिग्धता नेमकी कुठे असते

शून्य नसणं एवढ्यानेच तारीख संदिग्ध होत नाही. नियम असा: मध्ये कुठलंही चिन्ह नसलेल्या सलग अंकांत ज्याची लांबी बदलू शकते असा एकच भाग असेल, तर एकूण लांबीवरून तो सोडवता येतो. असे दोन भाग आले की येत नाही.

वर्ष चार अंकी, महिना शून्याविना आणि दिवस नेहमी दोन अंकी असा डेटा घ्या. एकूण सात अंक असतील तर महिना एक अंकी, आठ असतील तर दोन अंकी. प्रश्नच उरत नाही. महिना दोन अंकी आणि दिवस शून्याविना असेल तरी तसंच. महिना आणि दिवस दोन्ही शून्याविना लिहिले की मगच सात अंकांत गडबड होते, कारण वर्षानंतरचे तीन अंक एक-दोन असे तोडायचे की दोन-एक असे, हे आकडे स्वतः सांगत नाहीत. सहा अंक असतील तर महिना आणि दिवस दोन्ही एक अंकी, आठ असतील तर दोन्ही दोन अंकी. सगळा घोळ सातमध्ये आहे.

तो किती मोठा आहे हे मोजता येतं. वर्ष आधी असेल तर वर्षानंतरचे तीन अंक १११ ते ११९ आणि १२१ ते १२९ या दोन पट्ट्यांत आले तरच दोन वाचनं निघतात. म्हणजे वर्षाला १८ स्ट्रिंग (सलग अक्षरांचे तुकडे) आणि त्यांत अडकलेल्या ३६ तारखा: जानेवारीच्या ११ ते १९ आणि २१ ते २९, नोव्हेंबरच्या १ ते ९, डिसेंबरच्या १ ते ९. उरलेल्या सगळ्या तारखांना एकच अर्थ आहे. २०२४११० म्हणजे १० जानेवारीच, कारण शून्य तारीख नसते. २०२४१३१ म्हणजे ३१ जानेवारीच, कारण तेरावा महिना नसतो.

दिवस आधी आणि वर्ष शेवटी असेल तर गणित वेगळं होतं. तिथे पहिले तीन अंक १११, ११२, २११, २१२ किंवा ३११ असले तरच अडचण येते. १११२०२४ म्हणजे १ नोव्हेंबर किंवा ११ जानेवारी, ११२२०२४ म्हणजे १ डिसेंबर किंवा ११ फेब्रुवारी. ३१२२०२४ला मात्र एकच अर्थ आहे, ३ डिसेंबर, कारण ३१ फेब्रुवारी नसते. महिना आधी, मग दिवस आणि शेवटी वर्ष असेल, तर पुन्हा तेच १८.

वेळेचंही असंच आहे. तास आणि मिनिटं शून्याविना चिकटवली तर १२३ म्हणजे १ वाजून २३ मिनिटं किंवा १२ वाजून ३ मिनिटं. अशा तीन अंकी ८० स्ट्रिंग निघतात, म्हणजे तारखेपेक्षा हाल जास्त.

कोणती लायब्ररी काय करते

एकच स्ट्रिंग वेगवेगळ्या लायब्ररींत (तयार कोडच्या संचांत) वेगवेगळी वाचली जाते, म्हणून आपलं साधन नेमकं काय करतं ते माहीत असायलाच हवं.

पायथनच्या स्ट्रपटाइम या मजकुरातून तारीख वाचणाऱ्या फंक्शनमध्ये महिना आणि दिवस यांच्या आधीचं शून्य ऐच्छिक आहे. अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्येच तसं लिहिलेलं आहे. आतून ते रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराशी जुळवून पाहायचा नमुना) वापरतं. महिन्यासाठी आधी दोन अंकी १० ते १२ जुळतात का पाहतं, पुढे जमलं नाही तर मागे येऊन एक अंक घेतं. त्यामुळे वर्ष, महिना, दिवस अशा सलग फॉरमॅटने २०२४१११ वाचलं की १ नोव्हेंबर मिळते, आणि २०२४११० वाचलं की १० जानेवारी. याचा परिणाम विचित्र दिसतो. शून्याविना लिहिलेल्या वर्षभराच्या तारखा वाचल्या तर जानेवारीतले १८ दिवस सोडून बाकी सगळ्या बरोबर येतात. प्रोग्रॅम फेब्रुवारी ते डिसेंबर अगदी नीट चालतो. म्हणून हा बग टेस्टिंगमधून सहज निसटतो.

दिवस आधी असलेल्या फॉरमॅटमध्ये पायथन आधी दिवसाला दोन अंक देऊन पाहतं, म्हणून १ नोव्हेंबरची ११ जानेवारी होते. ३१२२०२४वर तर एरर येते. रेग्युलर एक्स्प्रेशन ३१ आणि २ अशी विभागणी करून मोकळं होतं, मग कॅलेंडर ती नाकारतं, आणि ३ डिसेंबर हा एकमेव योग्य अर्थ तपासायला कुणी मागे जात नाही.

जीएनयू सी लायब्ररीतलं स्ट्रपटाइम मागे येतच नाही. महिन्याचा पहिला अंक १ असेल तर पुढचा अंकही महिन्याचाच धरतं. त्यामुळे २०२४१३१वर तेरावा महिना म्हणून आणि २०२४११०वर शून्य तारीख म्हणून अपयशी ठरतं. दोन्ही स्ट्रिंग पायथनमध्ये बिनचूक वाचल्या जातात. नाव एकच असलं तरी वागणं एक नाही.

जावाचा जुना सिंपलडेटफॉरमॅट सगळ्यांत घातक आहे, कारण मुळात तो सैल असतो. चार-दोन-दोन अंकांचा फॉरमॅट देऊन २०२४९२५ वाचायला सांगितलं, तर तो महिना ९२ आणि दिवस ५ धरतो, जास्तीचे महिने पुढच्या वर्षांत ढकलतो आणि ५ ऑगस्ट २०३१ परत देतो. मूळ तारीख २५ सप्टेंबर २०२४ होती. तो वापरावाच लागत असेल तर सैलपणा ठरवणाऱ्या सेटलिनियंटला फॉल्स द्या. तरीही २०२४१११ची १ नोव्हेंबर होतेच, ते यातून सुटत नाही. जावा ८पासून आलेला डेटटाइमफॉरमॅटर याच फॉरमॅटवर सात अंक सरळ नाकारतो. आपल्याला तेच हवं आहे.

पीएचपीच्या क्रिएटफ्रॉमफॉरमॅटमध्ये दिवस किंवा महिना दाखवणारं शून्यासहितचं आणि शून्याविनाचं अक्षर वाचताना सारखंच वागतं. दोन्ही एक किंवा दोन अंक घेतात. फॉरमॅटमध्ये शून्यवालं अक्षर लिहिलं म्हणून तपासणी झाली, असं समजू नका. डॉटनेटच्या पार्सएक्झॅक्टबद्दल मायक्रोसॉफ्टची सूचना स्पष्ट आहे: मध्ये चिन्हं नसतील तर प्रत्येक घटकाचं सगळ्यांत रुंद रूप (म्हणजे महिना आणि दिवस दोन अंकी) वापरा आणि कल्चर इन्व्हेरियंट (कुठल्याही देशाच्या लेखनपद्धतीवर न अवलंबणारं) ठेवा.

आधी शोधा, शून्य गळालं कुठे

दुरुस्तीला हात घालण्याआधी हे काम करा. बऱ्याचदा इथेच प्रश्न सुटतो.

शून्य दोन वाटांनी जातं. पहिली वाट: तारीख नीट आठ अंकी होती, पण कुणीतरी ती संख्या म्हणून साठवली. ०१११२०२४ची १११२०२४ झाली. स्प्रेडशीटमध्ये सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकूर फाइल) नुसती उघडून सेव्ह केली तरी असं होतं, डेटाबेसमध्ये कॉलमचा प्रकार इंटिजर (पूर्णांक) असला तरी होतं. यात फक्त सगळ्यांत डावीकडचं शून्य जातं, महिन्याचं शून्य शाबूत राहतं. उपाय एका ओळीचा आहे: डावीकडे शून्य जोडून आठ अंक पूर्ण करा. संदिग्धता नाहीच.

दुसरी वाट: दिवस, महिना आणि वर्ष या तीन संख्या प्रोग्रॅमने तशाच एकमेकींना चिकटवल्या. इथे माहिती खरोखर हरवलेली असते.

दोन्ही वाटा वेगळ्या ओळखायच्या तर पूर्ण कॉलमची लांबी मोजा. सहा, सात आणि आठ अंकांच्या किती नोंदी आहेत ते पाहा. दिवस आधी आणि चार अंकी वर्ष शेवटी असताना संख्या म्हणून शून्य गेलं असेल, तर सात आणि आठ या दोनच लांब्या दिसतील. सहा अंकी एकजरी नोंद सापडली तर चिकटवण्याचा प्रकार आहे. दुसरी खूण: ९०१२०२४सारखी नोंद शोधा, म्हणजे पहिला अंक ४ ते ९ आणि दुसरा शून्य. असं शून्य महिन्याचंच असू शकतं, तेव्हा महिना दोन अंकी लिहिला जात होता हे सिद्ध होतं. नोंदी थोड्या असतील आणि दोन्ही खुणा मिळत नसतील, तर ज्या प्रोग्रॅमने फाइल बनवली त्याचा कोड किंवा तो लिहिणारी व्यक्ती गाठा. अंदाजाने डावीकडे शून्य जोडू नका.

वर्ष आधी असलेली चार अंकी वर्षाची तारीख संख्या म्हणून साठवली तरी तिचं शून्य जात नाही, कारण ती शून्याने सुरूच होत नाही. अशा कॉलममध्ये सात अंक दिसले तर चिकटवण्याचाच संशय घ्या. दोन अंकी वर्ष आधी असेल तर मात्र २००० ते २००९ची शून्यं गळतात: ०५०१११ची ५०१११ होते.

वाचण्याची पद्धत

लायब्ररीला एकच उत्तर मागू नका. सगळी शक्य उत्तरं स्वतः काढा आणि उत्तर एकच निघालं तरच ते घ्या.

१. मूळ स्ट्रिंग वेगळ्या कॉलममध्ये जशीच्या तशी ठेवा. हा कॉलम पुढे कधीही बदलायचा नाही. फाइल वाचतानाच कॉलमचा प्रकार मजकूर असा सांगा. पायथनच्या पांडाज लायब्ररीत सीएसव्ही वाचताना डीटाइपला (कॉलमच्या प्रकाराला) स्ट्रिंग द्यायचं, नाहीतर पहिल्याच पायरीवर शून्यं जातील.

२. रिकाम्या जागा काढा आणि अंक एकाच लिपीत आणा. पायथनचं इंट देवनागरी अंक मुकाट्याने स्वीकारतं, जावास्क्रिप्टचं नंबर त्यांना संख्या मानत नाही. हा फरक पुढे भलत्याच ठिकाणी उगवतो.

३. वर्षाचे चार अंक बाजूला काढा. उरलेला भाग दोन अंकी असेल तर एकच विभागणी, चार अंकी असेल तरी एकच, तीन अंकी असेल तर दोन. दोन ते चार सोडून दुसरी कुठलीही लांबी आली तर नोंद बाद.

४. प्रत्येक विभागणीला दोन चाळण्या लावा. कुठलाही भाग शून्याने सुरू होता कामा नये, कारण लिहिणारा प्रोग्रॅम शून्य लावतच नव्हता. आणि ती तारीख कॅलेंडरमध्ये असली पाहिजे, लीप वर्षासकट.

५. एक उत्तर उरलं तर तारीख पक्की. एकही उरलं नाही तर डेटा खराब. दोन उरली तर तारखेचा कॉलम नल (रिकामा) ठेवा आणि दोन्ही पर्याय शेजारच्या कॉलममध्ये लिहा.

पाचव्या पायरीवर घाई करू नका. नलची लाज वाटून पहिला पर्याय भरला, की नंतर कुठली नोंद खरी आणि कुठली अंदाजाची हे कुणालाच सांगता येत नाही.

दोन पर्याय उरले तर

वर्ष आधी असलेल्या डेटात दोन पर्यायांमधलं अंतर नेहमी मोठं असतं: जानेवारी-नोव्हेंबर जोडीत २९४ दिवस, जानेवारी-डिसेंबर जोडीत ३१४, लीप वर्षात दोन्हींत एक दिवस जास्त. त्यामुळे बाहेरचा थोडासा पुरावाही पुरतो. फाइल जूनमध्ये मिळाली असेल आणि नोंदी घडून गेलेल्या गोष्टींच्या असतील, तर त्याच वर्षाचा नोव्हेंबर आपोआप बाद होतो. नोंदींना चढता क्रमांक असेल तर आधीच्या आणि नंतरच्या पक्क्या तारखांमध्ये कोणता पर्याय बसतो ते पाहा. लॉगमध्ये (प्रोग्रॅमने क्रमाने लिहिलेल्या नोंदींत) हा उपाय जवळजवळ नेहमी चालतो.

वाराचा कॉलम असेल तर त्यावर भिस्त ठेवण्याआधी थांबा. २९४ म्हणजे बरोबर ४२ आठवडे. साध्या वर्षात ११ जानेवारी आणि १ नोव्हेंबर यांचा वार एकच असतो. २०२३मध्ये दोन्ही दिवशी बुधवार होता. लीप वर्षात डिसेंबरच्या जोडीतलं अंतर ३१५, म्हणजे ४५ आठवडे. २०२४मध्ये २१ जानेवारी आणि १ डिसेंबर दोन्ही रविवारी आले. म्हणून वार पाहून साध्या वर्षात फक्त डिसेंबरच्या जोड्या सुटतात आणि लीप वर्षात फक्त नोव्हेंबरच्या.

चिन्हं असली तरी शून्य लागतंच

२०२४-१-५ वाचायला संदिग्ध नाही. तरीही ती २०२४-०१-०५च्या बरोबरीची नाही.

जावास्क्रिप्टमध्ये शून्यासहितची तारीख मानक फॉरमॅटमध्ये बसते आणि यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) मध्यरात्र म्हणून वाचली जाते. शून्याविनाची त्या फॉरमॅटमध्ये बसत नाही, म्हणून तिचं काय करायचं हे प्रत्येक ब्राउझरचं इंजिन ठरवतं. क्रोममध्ये ती स्थानिक मध्यरात्र होते. एका शून्यामुळे दोन वेगळे क्षण तयार होतात, आणि वापरणारा यूटीसीच्या कोणत्या बाजूला आहे त्यानुसार तारीख एका दिवसाने सरकलेली दिसू शकते.

एसक्यूलाइट या डेटाबेसचं डेट फंक्शन २०२४-१-५ला नल देतं. मजकूर म्हणून क्रम लावला तर ऑक्टोबर सप्टेंबरच्या आधी येतो, कारण १ हा ९पेक्षा लहान आहे. आणि एकच दिवस दोन प्रकारे लिहिला गेला, तर युनिक इंडेक्सला (एकच नोंद दोनदा येऊ न देणाऱ्या डेटाबेसच्या सूचीला) त्या दोन वेगळ्या नोंदी वाटतात.

१/११/२०२४मधला दिवस आधी की महिना आधी हा निराळा आजार आहे. तो शून्याने बरा होत नाही, ०१/११/२०२४ही तितकीच संदिग्ध आहे. वर्षातल्या १३२ तारखांना तो लागतो. पायथनची डेटयुटिल लायब्ररी तर १२/१/२०२४ला १ डिसेंबर म्हणते आणि १३/१/२०२४ला १३ जानेवारी, म्हणजे एकाच कॉलममध्ये दोन नियम. तिथे डेफर्स्ट (दिवस आधी) हा पर्याय स्पष्टपणे द्या किंवा फॉरमॅट ठरवून वाचा.

जुन्या सिसलॉगच्या (सिस्टिमच्या नोंदींच्या) ओळींत एक अंकी दिवसाआधी शून्याऐवजी रिकामी जागा असते. रुंदी ठरलेली असल्यामुळे तारीख सुरक्षित आहे, पण एकेका स्पेसवर ओळ तोडणाऱ्या स्क्रिप्टला महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत एक रिकामा कॉलम जास्त मिळतो आणि पुढचं सगळं सरकतं.

लिहिणारी बाजू दुरुस्त करा

नवी तारीख लिहिताना वर्ष चार अंकी, महिना दोन अंकी, दिवस दोन अंकी. आयएसओ ८६०१ आणि इंटरनेटवरच्या तारखांसाठीचं २००२चं आरएफसी ३३३९ हे मानक दोन्ही हेच सांगतात. डेटाबेसमध्ये कॉलम तारखेच्याच प्रकारचा ठेवा. स्प्रेडशीटमधून जाणारी सलग आठ अंकी तारीख टाळा. हायफन घातले की ती निदान साधी संख्या बनून शून्य गमावत नाही.

येणारी तारीख तपासताना पार्सरने (तारीख वाचणाऱ्या कोडने) स्वीकारली एवढ्यावर समाधान मानू नका. वाचा, त्याच फॉरमॅटमध्ये परत लिहा आणि मूळ स्ट्रिंगशी तुलना करा. पायथन २०२४१११ला १ नोव्हेंबर म्हणून वाचेल, पण परत लिहिताना २०२४११०१ देईल. जुळलं नाही की नाकारा. दोन ओळींची ही तपासणी या लेखातल्या बहुतेक चुका दारातच अडवते.

टेस्टमध्ये एका पूर्ण वर्षाच्या सगळ्या तारखा लिहून परत वाचा. शिवाय तयार झालेल्या स्ट्रिंगपैकी वेगळ्या किती ते मोजा. लीप वर्षाच्या ३६६ तारखांतून वर्ष आधी, शून्याविना अशा ३४८च वेगळ्या स्ट्रिंग निघतात, दिवस आधी ठेवला तर ३६१. आकडा ३६६पेक्षा कमी आला की कोणताही पार्सर तो फॉरमॅट पूर्णपणे सोडवू शकणार नाही हे सिद्ध झालं, मग लायब्ररी बदलत बसण्यात अर्थ नाही. पूर्ण वर्ष चालवणं शक्य नसेल तर किमान १०, ११, १९, २१, २९ आणि ३१ जानेवारी, १ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर, ३ आणि ९ डिसेंबर घ्या.

शून्यं परत लावल्यावर शेल स्क्रिप्ट एकदा तपासा. बॅश हा शेल अंकगणितात शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान (फक्त ० ते ७ अंकांची) धरतो, म्हणून ०८ आणि ०९वर एरर येते. ऑगस्टमध्ये, सप्टेंबरमध्ये आणि दर महिन्याच्या ८ आणि ९ तारखेला स्क्रिप्ट पडते, एरवी चालते. संख्येआधी १० आणि हॅशचं चिन्ह लावलं की ती दशमान म्हणून वाचली जाते.